सूर ओळखीचा, नाव अनोळखी

प्रत्येक पिढीला गाण्याचे वेड असते, आणि प्रत्येक पिढीचे वेड तिच्या आईबापांना काळजीचे वाटते. नाट्यसंगीताच्या नादी लागलेल्या मुलांना आजोबांनी दटावले. त्या मुलांनी पुढे सिनेमाच्या गाण्यांना नाके मुरडली. आणि सिनेमाची गाणी गुणगुणत मोठी झालेली मंडळी आज आपल्या मुलांच्या कानांतल्या त्या दोन पांढऱ्या बोंडांकडे संशयाने पाहत आहेत. यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटावरून उठताना आपल्या चिरंजीवांच्या किंवा कन्यकेच्या कानातले एक बोंड काढून स्वतःच्या कानाला लावून पाहा. बहुधा शब्द ऐकू येणार नाहीत. पियानोचे चार संथ स्वर, एखादे व्हायोलिन, मागे दूरवर घुमणारा समूहस्वर, असे काहीतरी कानी पडेल. "हे कोणत्या सिनेमातले रे?" असे विचाराल तर उत्तर येईल, "सिनेमातले नाही बाबा, गेममधले."

व्हिडिओ गेममधले, म्हणजे मोबाइलवर, संगणकावर किंवा दूरदर्शन संचाला जोडून खेळायच्या खेळातले. गंमत अशी की त्या वेळी खेळ बंदच असतो. मुलगा अभ्यास करीत असतो, मुलगी चित्र काढीत असते, आणि खेळाचे संगीत तेवढे चालू असते. स्पॉटिफायसारखी जी स्ट्रीमिंगची ॲप आहेत, म्हणजे गाणे उतरवून न घेता इंटरनेटवरून थेट ऐकवण्याची जी सोय आहे, तिच्यावर या खेळांच्या संगीतकारांना आज स्वतंत्र श्रोतृवर्ग लाभला आहे. त्यांतले कित्येक श्रोते तो खेळ कधी खेळलेलेही नसतात. नाटक न पाहता नाट्यगीतांवर प्रेम करणारे रसिक आपल्याकडे थोडे का होते? तसाच हा प्रकार.

मी जव्हारच्या बाजूला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझ्या वर्गात जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांतली मुले येतात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, मल्हार कोळी अशा नाना घरांतली. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला, तेव्हापासून शहरातल्या वाचकाला ही दोन नावे भेटतात ती बहुतेक कुपोषणाच्या बातमीत. ती बातमी खोटी नव्हती. पण या डोंगरांत गाणेबजावणेही आहे, आणि आता मोबाइलही आहे. काही पाड्यांवर रेंज मिळवायला टेकाडावर जावे लागते. तरी तिथे बसलेल्या पोराच्या मोबाइलमधून जो सूर निघतो तो दादर-पार्ल्याच्या पोराच्या कानातला सूरच असतो. 'पबजी' नावाच्या खेळाची सुरुवातीची धून या मुलांना तोंडपाठ आहे. तो खेळ भारतात २०२० साली बंद झाला आणि २०२१ साली नाव बदलून परत आला. या साऱ्या उलाढालीत धून मात्र कुणी विसरले नाही. एकदा मी वर्गात विचारले, "ही धून रचली कुणी?" चाळीस मुलांपैकी एकालाही सांगता आले नाही. तिचा कर्ता टॉम साल्टा नावाचा अमेरिकन संगीतकार. सूर ओळखीचा, नाव अनोळखी! या लेखाचा विषय खरे म्हणजे एवढाच आहे. पण त्याची कथा मोठी रंजक आहे, आणि ती जपानपासून सुरू होऊन मोखाड्याच्या खळ्यापर्यंत येते.

१९७८ साली जपानमध्ये 'स्पेस इन्व्हेडर्स' नावाचा खेळ आला. आकाशातून परग्रहावरचे शत्रू खाली उतरत येतात आणि आपण त्यांना टिपायचे, एवढाच खेळ. त्यात संगीत म्हणाल तर अवघे चार स्वर, वरून खाली उतरणारे, पुन्हा पुन्हा तेच. पण शत्रू जसजसा जवळ येई तसतशी त्या चार स्वरांची लय चढत जाई आणि खेळणाऱ्याची छाती धडधडू लागे. चार स्वरांत भीती उभी करायची, हे काही सोपे काम नव्हे. पुढे १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ आला. त्याचे संगीत कोजी कोंडो या तरुणाने रचले. त्याच्या हाताशी वाद्यवृंद नव्हता, गायक नव्हता. होते फक्त एक यंत्र, ज्यातून एका वेळी चारपाच आवाज निघू शकत. संपूर्ण खेळ, चित्रांसकट आणि संगीतासकट, अवघ्या चाळीस किलोबाइटांत बसवायचा होता. आज मोबाइलवर काढलेला साधा फोटो याच्या कित्येक पट जागा घेतो! तेवढ्या इवल्याशा जागेत कोंडोने अशी धून बसवली की ती जगभरच्या मुलांच्या ओठांवर गेली.

जागा थोडी, म्हणून धून छोटी. आणि खेळणारा किती वेळ खेळेल याचा नेम नाही, म्हणून ती धून संपताक्षणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. या संगीताचा हा मूळ धर्म ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सिनेमाचे गाणे साडेतीन मिनिटांत संपते. खेळाचे संगीत संपत नाही. खेळणारा थांबला की ते थांबते. शंभर वेळा ऐकून जी कंटाळवाणी होणार नाही, अशीच धून तिथे टिकते. रोजच्या आमटीसारखे हे आहे. ती रोज लागते, म्हणून तिची चव फार भडक चालत नाही. मुले अभ्यासाच्या वेळी हेच संगीत का लावतात याचे उत्तरही यातच आहे. मूळचे ते रचलेलेच असते दुसऱ्या कामात गुंतलेल्या माणसासाठी. लक्ष वेधून न घेता सोबत करण्याची कला ते शिकलेले असते.

आता या कलेचे कर्ते पाहा. प्रारंभीच्या काळात खेळाच्या डब्यावर कंपनीचे नाव मोठे, खेळाचे नाव त्याहून मोठे, आणि संगीतकाराचे नाव कुठेच नाही, अशी रीत होती. आपला माणूस दुसरी कंपनी पळवून नेईल या भीतीने जपानमधल्या काही कंपन्या खऱ्या नावाऐवजी टोपणनाव लावायला सांगत. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर २' या विख्यात खेळाचे बहुतेक संगीत योको शिमोमुरा या संगीतकर्तीने रचले. खेळात तिचे नाव आले ते 'शिमो-पी' असे. लक्षावधी मुलांनी तिचा सूर ऐकत हाणामाऱ्या केल्या, आणि ती बाई आहे की बुवा याचाही त्यांना पत्ता नव्हता.

हे चित्र हळूहळू पालटले. १९८४ साली हारुओमी होसोनो याने खेळांतल्या संगीताची स्वतंत्र तबकडी काढली. 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळाचे संगीतकार कोइची सुगियामा यांनी १९८७ साली टोकियोत वाद्यवृंदाची मैफल भरवली, आणि खेळातले स्वर सभागृहात आले. २००५ साली आलेल्या 'सिव्हिलायझेशन ४' या खेळासाठी ख्रिस्तोफर टिन याने स्वाहिली भाषेत एक समूहगीत केले; त्याला २०११ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. खेळासाठी रचलेल्या संगीताला तो मान प्रथमच मिळत होता. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशींचे खेळाडू मैदानात आले ते खेळांतल्या संगीताच्या तालावर. २०२२ साली लंडनच्या 'प्रॉम्स' या जुन्या संगीतोत्सवात या संगीताची पहिली संध्याकाळ झाली. २०२३ साली ग्रॅमीत खेळांच्या संगीताचा स्वतंत्र विभाग उघडला आणि पहिले पारितोषिक स्टेफनी इकॉनोमू हिला मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवण्याच्या ध्वनिमुद्रणांत कोंडोच्या मारिओच्या धुनेला जागा दिली. २०२५ साली 'माइनक्राफ्ट' या खेळाच्या संगीताला दिली. त्याचा कर्ता डॅनियल रोझेनफेल्ड हा जर्मन तरुण. त्याच्या त्या विरळ, शांत पियानोवर आपल्याकडचीही कित्येक मुले गणिते सोडवतात.

ही मानाची पाने झाली. पण सामान्य श्रोत्याला संगीतकार भेटला तो स्ट्रीमिंगमुळे. तिथे प्रत्येक धुनेखाली कलाकाराचे नाव असते. त्या नावावर बोट ठेवले की त्याची सारी रचना समोर येते. मुलगा एका खेळातली धून शोधत येतो, खाली नोबुओ उएमात्सु हे नाव वाचतो आणि त्याच नावामागून दहा खेळांत हिंडून येतो. कुठल्याही संगीतशाळेत न शिकता स्वतःच्या मेहनतीने तयार झालेल्या या माणसाला 'फायनल फँटसी'च्या पंख्यांनी जो लौकिक दिला, तो नाव कळल्यावाचून देता आला असता का? सूर आवडला तर माणूस शोधावासा वाटतो, आणि माणूस सापडला तर त्याचे आणखी सूर ऐकावेसे वाटतात. लोकप्रियतेचे हे साधे चक्र नावाच्या आसावर फिरते.

अर्थात सगळीकडे तशी सोय असतेच असे नाही. निन्टेन्डो कंपनीने २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या खेळांच्या संगीताचे स्वतःचे ॲप काढले. त्यात एखादी धून तासभर अखंड वाजत ठेवण्याचीसुद्धा सोय केली. पण ॲप सुरू झाले तेव्हा त्यात रचनाकारांची नावेच नव्हती. जगभरच्या श्रोत्यांनी त्याबद्दल नाराजी बोलून दाखवली. पूर्वी ज्यांना नावाची गरजही भासत नव्हती, तेच श्रोते आता नाव नाही म्हणून रागावले! श्रोता घडतो तो असा.

आता जपानहून जव्हारला येऊ. हे अंतर वाटते तेवढे लांब नाही.

खेळातल्या संगीताचे आणखी एक वैशिष्ट्य तज्ज्ञ मोठ्या कौतुकाने सांगतात. हे संगीत खेळणाऱ्याच्या हालचालीप्रमाणे बदलते. खेळणारा गुहेत शिरला की सूर मंदावतात, शत्रू दिसला की ढोल सुरू होतात, संकट टळले की मूळ धून परत येते, आणि हे सारे कुठेही सांधा न दिसता. मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल या दोघांनी १९९१ च्या सुमारास यासाठी एक खास यंत्रणा तयार केली, आणि तेव्हापासून ही विद्या वाढतच गेली आहे.

विद्या थोर खरी. पण माझ्या वर्गातल्या वारली मुलांना तिचे नवल वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या पाड्यावर ती पिढ्यान्पिढ्या चालू आहे. तिचे नाव तारपा.

तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आणि टोकाला ताडाची पाने गुंडाळून केलेला लांबट कर्णा. वाजवणारा गाल फुगवून गालातली हवा नळीत सोडतो आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. भात पिकायला लागले की तारप्याचे दिवस येतात आणि ते दिवाळीपर्यंत चालतात. रात्री खळ्यात किंवा पाड्याच्या मोकळ्या जागी तारपकरी मध्ये उभा राहतो; पोरे-पोरी एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती साखळी धरतात. त्याने चाल बदलली की पावले बदलतात, साखळी उलगडते, वळते, पुन्हा गुंडाळते. नाचणारे दमले की तो चाल सैल सोडतो, रंगात आले की चढवतो. वाजवणारा नाचणाऱ्यांना चालवतो आणि नाचणारे वाजवणाऱ्याला चालवतात. धून छोटी, पुन्हा पुन्हा येणारी. नाच संपला की संपणारी. ज्या गुणांसाठी आज जगात लक्षावधी रुपये खर्चून यंत्रणा उभारतात, ते गुण इथे एका माणसाच्या श्वासात आहेत. मोखाड्याकडे बोहाड्याच्या रात्री देवादानवांचे मुखवटे नाचतात, तिथेही सांबळ आणि पिपाणी वाजवणारा नाचणाऱ्याच्या पावलावर डोळा ठेवूनच वाजवत असतो.

आणि आता एक प्रश्न शहरातल्या माझ्या वाचकांना. तुमच्या घरात तारपा आहे की नाही? उत्तर 'नाही' असे देण्याची घाई करू नका. दिवाणखान्याच्या भिंतीवर, चहाच्या कपावर, उशीच्या अभ्ऱ्यावर, दिवाळीच्या शुभेच्छापत्रावर पाहा. पांढऱ्या रेघांची माणसे गोलाकार साखळी धरून नाचताहेत आणि मध्ये एकजण लांबलचक वाद्य फुंकतो आहे, असे वारली चित्र बहुतेक मध्यमवर्गीय घरात कुठे ना कुठे असतेच. तो मधला माणूस तारपकरी! वर्षानुवर्षे तो आपल्या भिंतीवर वाजवतो आहे आणि आपण त्याचा सूर एकदाही ऐकलेला नाही.

चित्रांच्या बाबतीत मात्र एक फार चांगली गोष्ट घडून गेली आहे. लग्नघरच्या भिंतीवर काढलेल्या वारली चित्राखाली सही नसे. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे कागदावर आणि कापडावर चित्रे काढू लागले, आणि त्या चित्रांना कर्त्याचे नाव आले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले तेव्हा देशविदेशांत त्यांची आठवण काढली गेली. त्यांच्या नावाच्या वाटेने पुढे कितीतरी वारली चित्रकार आपापल्या नावाने जगापुढे आले. एक नाव उच्चारले गेले की त्याच्या मागच्या नावांना वाट होते.

संगीताच्या वाट्याला हे भाग्य जरा उशिरा आले. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांचे वय नव्वदीच्या पुढे होते. त्या दिवशी माझ्या वर्गातली मुले आपल्याच घरात सत्कार झाल्यासारखी वावरत होती. आनंद मोठाच, पण तो ओसरल्यावर मी आणि मुलांनी मिळून एक उद्योग केला. मोबाइलवर जितकी तारप्याची ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती सापडतील तितक्या काढून पाहिल्या. बहुतेकांखाली लिहिलेले होते, 'तारपा नाच', 'आदिवासी तारपा', 'पारंपरिक वारली संगीत'. चित्रफीत काढणाऱ्याचे नाव ठळक, त्याच्या वाहिनीचे नाव त्याहून ठळक, आणि वाजवणारा निनावी. त्यांतल्या काही चित्रफिती माझ्याच विद्यार्थ्यांनी चढवलेल्या होत्या. एकीत वाजवणारा एका मुलाचा सख्खा चुलता होता!

मी त्याला म्हटले, "अरे, काकाचे नाव का नाही घातलेस?"

तो म्हणाला, "सर, तारपा काय काकाचा आहे? तो सगळ्या पाड्याचा आहे."

उत्तर विचार करायला लावणारे होते, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. मराठीचा शिक्षक म्हणून मी जात्यावरच्या ओव्या शिकवतो. त्या कुणा एकीच्या नसतात हे मीच मुलांना सांगत आलो आहे. पण त्याच वेळी संतांचे अभंगही शिकवतो, आणि त्यांत शेवटी कवीची नाममुद्रा असते. नामदेव असोत, जनाबाई असो की तुकाराम. ज्यांनी अहंकार सोडायला सांगितला त्यांनीही आपल्या रचनेवर आपले नाव ठेवले. भक्ती सर्वांची, पण हा बोल कुणाचा ते ऐकणाऱ्याला कळावे. तारप्याची चाल पाड्याची असेल, नव्हे आहेच. पण ज्या रात्री ती वाजली त्या रात्रीचा श्वास काकाचा होता. चाल पाड्याच्या नावावर लिहावी, वादन काकाच्या नावावर. यात भांडण कुठे आहे?

नावाचा हा आग्रह आपल्याला नवा नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने तबकड्या भरल्या, तेव्हा गाणे संपताना ती आपले नाव मोठ्याने सांगत असे. तबकड्या परदेशी घडत, आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची ते कळायला हवे होते. १९४९ साली 'महल' चित्रपटातले गाणे गाजले, त्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते 'कामिनी', म्हणजे मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे. रेडिओच्या श्रोत्यांनी विचारणा केली, "गाते आहे ती कोण?" आणि तेव्हा लता मंगेशकर हे नाव त्यांना सांगण्यात आले. पुढे आकाशवाणीवर गीत कुणाचे, संगीत कुणाचे, स्वर कुणाचा हे ऐकत आपण वाढलो. आपल्या घरांतल्या साध्या गृहिणींनाही संगीतकारांची नावे पाठ असत, ती त्या सवयीमुळे. सवय लावणारा कुणीतरी असावा लागतो, आणि विचारणारा श्रोताही.

कायदाही आता या बाजूला आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'सादरकर्ता' कोणाला म्हणावे याची यादी मोठी मौजेची आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही तिच्यात आहेत. इतकेच काय, व्याख्यान देणारा माणूसही आहे. म्हणजे वर्गात उभा राहणारा मीही गारुड्याच्या पंगतीला बसलो! २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली, आणि आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क सादरकर्त्याला मिळाला. वापराच्या पद्धतीमुळेच नाव देणे शक्य नसेल तर गोष्ट वेगळी. पण चित्रफितीखाली चार शब्द लिहिणे अशक्य आहे असे कुणी म्हणणार नाही. खळ्यात तारपा फुंकणाऱ्याला हा हक्क तितकाच आहे जितका मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहातल्या वादकाला.

नाव लिहिल्याने पैसा मिळतो का, असे व्यवहारी वाचक विचारतील. प्रामाणिक उत्तर असे की नुसत्या नावाने मिळत नाही. स्ट्रीमिंगवर एका ऐकण्यामागे मिळणारी रक्कम चिल्लरीहून चिल्लर असते. खेळांचे संगीतकारही पुष्कळदा कंपनीचे पगारी नोकर किंवा ठरलेल्या मोबदल्यावर काम करणारे असतात, आणि संगीताचे हक्क कंपनीकडे राहतात. पण नाव असले की बोलावणे येते. मैफलीला बोलावणे, पुढच्या कामाला बोलावणे. निनावी माणसाला बोलवायचे झाले तर पत्र कुठे पाठवणार?

हा प्रश्न पुढच्या काळात फार निकडीचा होणार आहे. २०२० साली 'राजी' नावाचा खेळ जगापुढे आला. तो पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळींनी घडवला; प्राचीन भारतातली, देवादानवांच्या युद्धात सापडलेली एक मुलगी त्याची नायिका. त्याला संगीत दिले लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने, आणि ते भारतीय वाद्यांचा वापर करून दिले. परक्या माणसाने आपल्या सुरांवर प्रेम करावे यात वाईट काही नाही, उलट आनंदच आहे. आणि त्याचे नाव तिथे स्वच्छ लिहिलेले आहे, हेही योग्यच. आता कल्पना करा. उद्या पुण्यात, मुंबईत किंवा टोकियोत कुणी सह्याद्रीतल्या जंगलाचा खेळ घडवला आणि त्याला तारप्याचा सूर हवासा वाटला, तर तो काय करील? मोबाइलवर शोधील. त्याला 'पारंपरिक वारली संगीत' सापडेल, खाली कुणाचेही नाव नाही. 'पारंपरिक म्हणजे कुणाचेच नाही' असे समजून तो सूर उचलील, खेळात घालील, आणि तो सूर जगभर गाजेल. स्ट्रीमिंगवर त्याच्याखाली एक नाव येईल. ते वाळवंड्याचे नसेल, मोखाड्याचे नसेल. माझ्या वर्गातलाच एखादा पोरगा टेकाडावर बसून आपल्या काकाचा सूर दुसऱ्याच्या नावाने ऐकील. यात कुणी चोर असेलच असे नाही. नाव लिहायचे राहून गेले, एवढ्यानेही हे घडू शकते.

म्हणून आता आमच्याकडे मुलांनी एक शिरस्ता ठेवला आहे. तारप्याची, बोहाड्याची, ढोलनाचाची चित्रफीत चढवायची तर आधी वाजवणाऱ्याला विचारायचे, आणि तो हो म्हणाला तर खाली चार गोष्टी लिहायच्या: वाजवणाऱ्याचे नाव, पाड्याचे नाव, तारपा कुणी घडवला, आणि त्याने वाजवायला कुणापाशी शिकले. चौथ्या प्रश्नाला उत्तर देताना म्हातारी माणसे थबकतात, कारण त्यांना हे आजवर कुणी विचारलेले नसते. मग एकेक नाव निघते. बापाचे, मामाचे, कधी पलीकडच्या पाड्यावरल्या, आता हयात नसलेल्या कुणा आजाचे. चुलत्याची चित्रफीत काढणाऱ्या त्या मुलाने नाव घातले, तेव्हा चुलत्याने मोबाइल हातात घेऊन ते अक्षर अक्षर लावीत वाचले आणि आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला आहे तो दुरुस्त करायला लावला. नाव नको असलेला माणूस असे करीत नाही.

वेळ मात्र थोडा आहे. दिवाळी सरली की इकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला भिवंडी-वसईकडे उतरतात. तारप्याचे दिवस आधीच आखूड होत चालले आहेत, आणि वाजवणारे म्हातारे होत आहेत. ज्यांना चार चाली येतात त्यांची नातवंडे पबजीची धून शिट्टीवर वाजवतात. त्याबद्दल मी त्यांच्यावर रागावत नाही. तीही चांगलीच धून आहे. माझे म्हणणे इतकेच की टॉम साल्टाचे नाव जसे शोधले की सापडते, तसे पाड्यावरच्या वाजवणाऱ्याचेही सापडावे.

वाचकहो, या दिवाळीत आपल्या मुलांच्या कानांतले संगीत ऐकाल तेव्हा ते कुणाचे आहे हे जरूर विचारा. त्यांना ठाऊक असेल तर कौतुक करा. नसेल तर दोघे मिळून शोधा, फार वेळ लागणार नाही. आणि सुट्टीत जव्हारच्या बाजूला येणे झाले, राजवाडा आणि धबधबा पाहून झाला, आणि रात्री कुठून तारप्याचा आवाज आला, तर तिकडे जा. हात धरणारे तुम्हांला साखळीत ओढून घेतील. संकोच न करता चार पावले टाका. नाच थांबला की तारपकऱ्याजवळ जाऊन त्याचे नाव विचारा, आणि मोबाइलवर काही टिपले असेल तर घरी गेल्यावर त्याच्याखाली ते नाव लिहा. पाड्याच्या नावासकट, शुद्धलेखन नीट करून.